भस्माची तीन बोटं

१

नव्या कॉम्प्युटरात छावणीचा एकही फोटो नव्हता. ही गोष्ट खडकवाडीच्या दूध संस्थेसमोर जमलेल्या पंधरा-वीस माणसांना कळली, तोवर केसरबाईनं संस्थेच्या पायरीवर ठाण मांडलं होतं. शेजारच्या खांबाला एक लाल गाय बांधलेली होती आणि तिच्याकडे केसरबाई ढुंकूनही बघत नव्हती.

कॉम्प्युटर नवा, हे आपलं म्हणायचं. बीडच्या दुकानातून आणलेला जुनाच तो, दुसऱ्या कुणी तरी वापरून सोडलेला. पण संस्थेचा आधीचा कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता, की त्याच्यापुढे हा नवरदेवच. त्या म्हाताऱ्याला जागं करायचं तर कुशीत दोन चापट्या द्याव्या लागत, आणि पडदा उजळेपर्यंत दोन गायींची धार काढून व्हायची.

त्या दुष्काळाच्या साली संस्थेनं फेब्रुवारीपासून जूनपर्यंत जनावरांची छावणी चालवली होती. सात गावांची जनावरं दावणीला. येईल त्या जनावराचा मालकासोबत फोटो काढायचा, तो कॉम्प्युटरात ठेवायचा आणि जनावराच्या गळ्यात नंबरचा बिल्ला अडकवायचा, असा नियम होता. केसरबाईच्या चंद्रीचा नंबर एकशे बारा. छावणी मोडली तेव्हा एकशे बारा नंबरची गाय केसरबाईच्या खोपटावर पोचती झाली. आठ दिवस केसरबाईनं तिला निरखलं आणि नवव्या दिवशी दावं धरून संस्थेत आणली.

"ही माझी चंद्री न्हाई. माझी चंद्री दाखवा, तवाच मी हितून उठंन. तवर पान्याचा घोट बी घ्यायची न्हाई."

"फोटो बघा ना मग," कुणी तरी म्हणालं. तेव्हाच ते कळलं. सेक्रेटरी सिद्धलिंगअप्पा खाली मान घालून म्हणाले, "जुना बंदच पडला. त्याच्यातले फोटो त्याच्यासंगं गेले."

मग सगळ्यांच्या माना चेअरमन बद्रीनाथकडे वळल्या. गावात सर्वांत मोठी जमीन त्यांची, राजकारणही त्यांचंच. विहिरीत बेडूक मेला तरी आधी त्यांच्याकडे बघायची गावाला सवय होती. बद्रीनाथ तडक तात्याबांच्या घरी आले.

तात्याबा म्हणजे निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. गाव त्यांना डाक्टरच म्हणे. सगळी नोकरी आष्टी-पाटोद्याकडे झाली, आणि जानेवारीत निवृत्त होऊन ते गावी आले तो दुष्काळ दारात उभा. छावणीवरून दिवसाला चार-चार फोन. म्हशीला जुलाब, कालवडीला ताप. पस्तीस वर्षं जनावरांमागे काढलेल्या माणसानं आता तरी अंग टाकायचं की नाही? म्हणून त्यांनी बायकोला, वच्छलाबाईंना, पढवून ठेवलं होतं: छावणीचा फोन आला की सांगायचं, ते लिंबागणेशला गेलेत, गणपतीला.

"आपल्या खोट्यात देवाला कशाला ओढता?" वच्छलाबाई म्हणायच्या, पण सांगायच्या. डाक्टरांनी यंदा गणपतीला घातल्या तेवढ्या खेपा पुजाऱ्यानंही घातल्या नसतील, अशी गावात चेष्टा चाले.

"डाक्टर, तुमी शोधा," बद्रीनाथ म्हणाले. "तुमी बाहेर राहिलेले मानूस, तुमच्यावर कुनाचा संशय न्हाई."

त्या दिवशीही आपण लिंबागणेशला गेलेलो असतो तर बरं झालं असतं, असं तात्याबांना पुढे कितीदा तरी वाटलं. पण ते घरी होते, आणि त्यांनी हो म्हटलं.

२

तात्याबांनी आधी गाय तपासली. लाल कंधारी. या जातीच्या गायी सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या, ओळखायची ती घरच्यानंच. शेजारीपाजारी तर म्हणत होते, हीच चंद्री, म्हातारीचं डोकं फिरलंय. तात्याबांनी दात पाहिले, मग शिंगावरून अंगठा फिरवला.

"केसरबाई, चंद्रीची वेतं किती?"

"सात. सातवा गोऱ्हा गेल्या पोळ्याच्या आदी झाला."

प्रत्येक वेताला गायीच्या शिंगावर एक वळी उमटते. हिच्या शिंगावर तीन होत्या. ना घासलेल्या, ना तासलेल्या. तात्याबांनी दोनदा मोजल्या.

"बाई खरं बोलतीय," ते म्हणाले.

"पन तुमी एवडे दिस कुटं व्हता?" तात्याबांनी विचारलं. "छावनीत तुमाला कळलं न्हाई?"

"मी कड्याला गेलते, लेकीकडं. मोतीबिंदू काडला दोनी डोळ्यांचा. चैत्रात गेलते ती छावनी मोडल्यावरच आले." केसरबाईनं पदरानं डोळ्यांची कड टिपली. "समद्यांला वाटतंय, डोळं नवं म्हनून म्हातारीला गाय येगळी दिसती. आवो, मला दिसत न्हवतं तवा बी मी तिला हातानं वळखायचे. चंद्रीला कुकू लावाया गेलं की शिंग हिसडती. कवाच लावून घेतलं न्हाई मेलीनं. आन ही बगा."

तिनं गायीच्या कपाळाजवळ हात नेला. गायीनं लगेच मान खाली घातली, डोळे मिटले आणि कपाळ पुढं करून उभी राहिली. केसरबाईनं एक बोट टेकवलं तरी गायीचं समाधान झालं नाही. आणखी काही व्हायचं बाकी असल्यासारखी ती तशीच थांबली.

"असं रोज सकाळी करती," केसरबाई म्हणाली. "कशाची वाट बगती, कुनाला ठावं."

तात्याबा बुचकळ्यात पडले ते वेगळ्याच गोष्टीनं. गायी बदलल्या जातात, बाजारात त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. पण बदलणारा चांगली नेतो आणि वाईट ठेवतो. इथं सात वेतांची थकलेली गाय नेऊन कुणी तरी तीन वेतांची धडधाकट गाय ठेवली होती. असला चोर त्यांच्या बघण्यात नव्हता.

३

बद्रीनाथ बोलायला लागले की भाषणच करत, पण एक गोष्ट त्यांनी कामाची सांगितली.

"डाक्टर, माझ्या गोठ्यात समद्या जर्सी. मी त्या म्हाताऱ्या कंधारीला काय हार घालू? तुमी अप्पाला विचारा. तीन वर्सं मी मीटिंगमदी बोंबलतोय, कॉम्प्युटर बदला. दर टायमाला अप्पा म्हनायचे, चालतंय की. आन आता कुनाला न विचारता बीडला जाऊन घेऊनच आले."

छावणीचा राखणदार हरिबा मात्र बोलायलाच तयार नव्हता. एकशे बारा म्हणताच तो चुना मळत उठला. "मला नंबर वाचता येत न्हाईत, डाक्टर," म्हणाला आणि निघून गेला. महिनोन् महिने नंबर बघून चारा टाकणाऱ्या माणसाचं हे उत्तर तात्याबांनी मनात ठेवून दिलं.

सिद्धलिंगअप्पांच्या घरी त्यांच्या बायकोनं, मल्लम्मानं, काळा चहा पुढे केला.

"दूध न्हाई वो, डाक्टर. गाय गेल्यापासून असाच पितो आमी."

तात्याबा ओशाळले. अप्पांची गाय एप्रिलमध्ये छावणीत एकाएकी गेली हे गावाला ठाऊक होतं. तात्याबा भेटायला गेले होते तेही चार दिवस उशिरा. तेव्हाही अप्पा एवढंच म्हणाले होते, "गेली," आणि विषय बदलला होता. कशानं गेली, हे तात्याबांनीही विचारलं नव्हतं.

"अप्पा, कॉम्प्युटर बंद कधी पडला?"

"छावनी मोडली त्याच आठवड्यात. लई चापट्या मारल्या, उठलाच न्हाई."

"आन जुनी पेटी?"

"दुकानदारालाच दिली, बदल्यात."

अप्पा खोटं बोलणारा माणूस नव्हे. वीस वर्षं संस्थेचं दूध मोजलं, कधी थेंबाची तक्रार नाही. पण बोलताना त्यांची नजर सारखी भिंतीतल्या देवळीकडे जात होती. तिथं लिंगाची पूजा, भस्माचा गोळा, आणि मागे धुतल्या फडक्यात बांधलेलं काही तरी. देव घरात असताना माणूस देवाकडे बघायचाच, म्हणून तात्याबांनी ते मनावर घेतलं नाही. निघताना मल्लम्मा दारापर्यंत आली. "केसरबाईनं काही खाल्लं का वो?" तिनं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच आत वळली.

४

अप्पांना कॉम्प्युटर विकणाऱ्या बंकटचं दुकान बीडच्या बसस्टँडमागं होतं. जुने कॉम्प्युटर भिंतीला लावून रचलेले. गिऱ्हाइकं आत येत, पेटीवर टिचक्या मारत, मागून बघत, पुढून बघत, नाक मुरडत. तात्याबांना एकदम घरच्यासारखं वाटलं. गुरांच्या बाजारात आणि इथं फरक एवढाच, की इथं माल शेण टाकत नव्हता.

"खडकवाडीचे अप्पा? आठवतात की," बंकट म्हणाला. "असलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बगितलं. लोक जुना मरायला लागला की येतात. हे एप्रिलच्या शेवटालाच आलते. म्हनले, एक ठेवून दे, छावनी मोडली की नेतो."

"एप्रिल? पण जुना तर जूनमध्ये बंद पडला."

"कुनी सांगितलं?" बंकट हसला. "ती पेटी हाय की मागं. पंखा, वायरी, समदं फिरतंय. फक्त आत डिस्क न्हाई. पेटी उचलली तवा हलकी लागली, उगडून बगतो तर गाभाच काडलेला. मी तर म्हनलं व्हतं, अप्पा, जुन्यातलं समदं नव्यात फुकट ओतून देतो, दर गिऱ्हाइकाला देतो. तर म्हनले, नको, आत काईच न्हाई."

म्हणजे कॉम्प्युटर म्हातारा होऊन मेला नव्हता. चालत्या बैलाला कुणी तरी दोन महिने आधीच बदली बघून ठेवली होती. पण एप्रिलमध्ये का? आणि संस्थेची सुई कधी न नेलेल्या माणसानं का?

तात्याबा मागच्या खोलीत गेले. संस्थेची पेटी कोपऱ्यात पडली होती. वरच्या बाजूला खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू वाळलेलं होतं. बद्रीनाथांनीच लावलेलं असणार ते, एक बोट, घाईचं. आणि समोर, अगदी मधोमध, भस्माचे तीन आडवे पट्टे. एका हाताची तीन बोटं, सावकाश ओढलेली. चाकाला लावा, वजनकाट्याला लावा, गाव कुंकू लावायचं. अप्पा आपल्या घरच्या रीतीनं भस्म लावायचे.

तात्याबांनी नकळत आपली तीन बोटं त्या पट्ट्यांवर ठेवली. आणि त्यांना कपाळ पुढं करून, डोळे मिटून थांबलेली गाय आठवली. एका बोटानं तिचं समाधान झालं नव्हतं. तिला तीन हवी होती.

खडकवाडीत रोज सकाळी गायीच्या कपाळाला भस्म लावणारं घर एकच होतं. आणि त्या घरातली गाय एप्रिलमध्ये मेली होती.

५

दुपारच्या गाडीनं परत येऊन तात्याबा थेट अप्पांच्या घरी गेले. चहा नको म्हणाले.

"अप्पा, एप्रिलमध्ये तुमची गाय मेलीच न्हाई. मेली ती चंद्री. तुमी बिल्ले बदलले. तुमची गाय एकशे बारा नंबरला उभी राहिली, आन गावानं चंद्रीला तुमची समजून पुरलं. हरिबाला ठाऊक हाय, म्हणून त्याला नंबर वाचता येत न्हाईत."

मल्लम्मा चुलीकडे तोंड करून बसली.

"फोटो तेवढे आडवे येत होते. एकच फोटो गेला असता तर बोट तुमच्याकडं आलं असतं. समदेच गेले तर दोष म्हाताऱ्या कॉम्प्युटरचा. म्हणून तुमी एप्रिललाच दुसरा सांगून ठेवला. पण डिस्क तुमी फोडली न्हाई." तात्याबांनी देवळीकडे पाहिलं. "देवामागं ठेवली."

अप्पा उठले. देवळीतलं फडकं काढून त्यांनी ते मांडीवर घेतलं, आणि मग बोलले.

"त्या दिशी हिरवा मका आला. उपाशी जनावरं तुटून पडली. दुपारी टँकर आला म्हनून समदे पान्याला पळालते. मी आन हरिबा दोघंच. चंद्रीचं पोट फुगलं. डावी कूस अशी नगाऱ्यावानी. अर्ध्या तासात खेळ खलास."

"पण मग सांगायचं ना केसरबाईला!"

"तिच्या लेकीचा त्याच सांजंला फोन आला. डोळ्याचं आपरेशन दोन दिसांवर. म्हनली, अप्पा, आई रोज चंद्री कशी हाय इचारती. डोळ्याचे डाक्टर म्हनलेत, रडाया नको, दीड म्हैना डोळ्यातून पानी नको." अप्पांनी फडक्याची गाठ उगीच घट्ट केली. "मी म्हनलं, मजेत हाय. म्हनलं, डोळं बरं हूंद्या, मंग सांगू. मंग छावनी मोडली. मंग सांगायचं राहूनच गेलं. आमची गंगी तिला दिली. वाटलं, तेवडं तरी भरून निघंल. मल्लम्मा दोन म्हैने छावनीच्या वाटेनं गेली न्हाई, गंगी हंबरंल म्हनून."

"एवढं सोसलंत, आन डिस्क कावून ठेवली?"

"चंद्रीचा तेवडा एकच फोटो हाय, डाक्टर. केसरबाई तिच्या गळ्यात हात घालून उबी हाय. ते कसं फोडू?"

तात्याबांच्या मनात राग नव्हता, पण एक धंद्यातली गोष्ट त्यांना सोडवत नव्हती. पोटफुगी म्हणजे दहा मिनिटांचं काम. डाव्या कुशीत जाड सुई टोचायची, वारा निघून जातो, गाय उठून उभी राहते. आपल्या हातानं त्यांनी अशा कितीतरी उठवल्या होत्या.

"अप्पा, मी इथून हाकेच्या अंतरावर. मला फोन का न्हाई केला?"

चुलीकडे तोंड करून बसलेली मल्लम्मा म्हणाली, "केलता की."

"तू गप," अप्पा म्हणाले.

"कावून गप? तीनदा केलता. वच्छलाबाई म्हनल्या, लिंबागणेशला गेलेत. ह्येंला मागं तुमचा खोकला आयकू आला."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. तात्याबांना आपले हात कुठं ठेवावेत कळेना.

"सांगितलं असतं तर पंचनामा झाला असता," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "डाक्टरला कावून बोलावलं न्हाई, असं समद्यांनी इचारलं असतं. तुमी नुकते गावात आलेले. म्हनलं, आपलीच गेली म्हनावं. आपल्या गायीचं कोन एवडं इचारतंय?"

आणि खरंच, तात्याबांनीही विचारलं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी, तात्याबांच्या निरोपावरून, सकाळच्या गाडीनं बंकट आला. त्यानं डिस्क नव्या कॉम्प्युटराला जोडली आणि वायरी आवळल्या. पायरीवर गाव जमलंच होतं. तात्याबांनी सगळं सांगितलं: मका, पोटफुगी, बिल्ले, लेकीचा फोन, न रडण्याचे दीड महिने. कुणाचं नाव वगळलं नाही, फक्त एका फोनाची गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर आली नाही.

चंद्री मेली म्हटल्यावर केसरबाईनं पायरीला हात टेकला. दोन बायकांनी धरून तिला आत नेलं. बंकटनं एकशे बारा नंबर उघडला.

पडद्यावर एक लाल गाय होती, शिंगं सात वळ्यांची, नजर वाकडी, कुणी तरी आत्ताच कुंकवाचं बोट दाखवल्यासारखी चिडलेली. तिच्या गळ्यात हात घालून डोळे किलकिले केलेली केसरबाई. केसरबाई पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"अगं बया," ती म्हणाली. "तिच्या कानावर पांडरा ठिपका हाय की. मला कवा दिसलाच न्हवता."

मग ती रडली. आता कुणी तिला नको म्हणायला नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, खांबाचं दावं सोडलं आणि मल्लम्माच्या हातात दिलं. गंगीनं मान खाली घालून कपाळ पुढं केलं. मल्लम्माची बोटं कोरडीच होती, तरी तिनं ती तिन्ही फिरवली.

"सिद्धलिंगा, तू लई केलंस," केसरबाई म्हणाली. "पर सांगाया पायजे व्हतं रे. मी तिच्यासाटी दोन म्हैने उशिरा रडले."

अप्पांनी मान डोलावली. केसरबाई तात्याबांकडे वळली. धुऊन निघालेले तिचे नवे डोळे स्वच्छ होते.

"डाक्टर, एक सांगा. वाचन्यासारकी व्हती का वो ती?"

"व्हती," तात्याबा म्हणाले. "सुई टोचली असती तर दहा मिंटांत उठली असती."

"मंग तुमी कुटं व्हतात तवा?"

"गणपतीला गेलते ते, लिंबागणेशला," अप्पा पटकन म्हणाले. "मी फोन केलता, वैनींनी सांगितलं."

गर्दीत कुणी तरी हसलं, जुन्या चेष्टेच्या सवयीनं. मागे उभ्या असलेल्या वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पा तात्याबांकडे बघत होते, हात जोडायचेच काय ते बाकी होते.

"न्हाई, केसरबाई," तात्याबा म्हणाले. "मी घरीच होतो."